चकचकीत वडी

“मग ती अडते कुठं?” अक्कांनी विचारलं.

देवव्रत साठ्ये तासभर बोलत होता. उष्णता पदार्थातून कशी सरकते, इपॉक्सी तिला पुढे का जाऊ देत नाही, त्यात कसली पूड किती मिसळली म्हणजे तिला वाट मिळते, हे सगळं सांगून झालं होतं. शेडमध्ये फळा नव्हता, म्हणून कॉइलच्या खोक्यावर पेनाने आकृत्याही काढून झाल्या होत्या. एवढं सगळं ऐकून बाईंनी विचारावं काय, तर अडते कुठं.

“तेच तर शोधतोय,” तो म्हणाला. “तीन वर्षं.”

“बरं.”

आणि अक्का शेगडीवरचं पातेलं बघायला उठून गेल्या.

कुपवाडच्या एमआयडीसीत अगदी मागच्या अंगाला ती पत्र्याची शेड होती. अक्काताई चौगुले तिथे पस्तीस वर्षं सर्किटांवर आणि कॉइलींवर इपॉक्सी ओतत आल्या होत्या. वय एकाहत्तर, शाळा सातवीपर्यंत, हाताखाली आठ बायका. दोन डब्यांतली दोन चिकट पाणी एकत्र केली की दगडासारखं घट्ट होतं, ते इपॉक्सी. सर्किट त्यात बुडवलं की मग पाणी, धूळ, मुंग्या, कशाचीच भीती उरत नाही. फक्त एक खोट आहे. आतली उष्णताही आतच कोंडते, आणि सर्किट स्वतःच्याच तापाने मरतं.

मागच्या उन्हाळ्यात लसी ठेवायच्या फ्रिजांची अशी कितीतरी सर्किटं मेली. अक्कांच्या शेडमधून गेलेली मात्र जिवंत राहिली. हे कळल्यावर पुण्यात देवव्रतचे मार्गदर्शक म्हणाले होते, “जाऊन बघ तरी. शिकायला काय हरकत आहे?”

देवव्रतच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याचे दोन शोधनिबंध छापून आले होते, एक तर परदेशात. पण येत्या शुक्रवारी त्याचं संशोधन तपासणारी समिती बसायची होती, आणि त्याने पूड मिसळून केलेल्या इपॉक्सीच्या नमुन्याच्या वडीतून उष्णता ठरल्या आकड्याच्या निम्मीसुद्धा जात नव्हती. आकडा आला नाही तर काम बंद, तीन वर्षं पाण्यात. म्हणून तो मंगळवारी सकाळी मिरज स्टेशनवर उतरला होता. अडला हरी म्हणतात ना, तसा.

“वडी आणलीयस न्हवं?” अक्कांनी शेगडीपासूनच विचारलं.

देवव्रतने बॅगेतून डबी काढली, डबीतून मलमलची घडी आणि घडीतून वडी. तळहाताएवढी चौकोनी, तीन मिलिमीटर जाड, दुधासारखी पांढरी. दोन्ही बाजूंनी अशी गुळगुळीत की वरचे पत्रे तिच्यात दिसत होते.

दाराजवळ मालन हातमशीनवर कॉइल गुंडाळत बसली होती. ती काम टाकून उठली.

“अगं बया, तोंड दिसतंय की ह्यात!” तिने वडीत डोकावून कपाळाची टिकली नीट केली. “काय घातलंय वो सर ह्यात?”

“ते सांगता येणार नाही,” देवव्रत म्हणाला. “पेटंट व्हायचंय.”

तो हे हसून आणि गोड आवाजात म्हणाला. मालनने मान हलवली आणि ती आपल्या मशीनवर जाऊन बसली.

अक्कांची परीक्षा साधी होती. पातेल्यात पाणी उकळत ठेवायचं, त्यावर पितळी झाकण, झाकणावर वडी, आणि वडीवर मेणबत्तीच्या मेणाचा एक गोठलेला थेंब. उष्णता खालून वर आली की थेंब वितळतो. त्याला घड्याळ लागायचं नाही. मालन मशीन फिरवायची आणि मोठ्याने वेढे मोजायची. अकरा वर्षं ती एकाच लयीत वेढे घालत होती, आणि शेडमधल्या बायका म्हणायच्या की भिंतीवरचं घड्याळ मालनवरून लावून घ्यावं.

उकळत्या पाण्याचं तापमान बदलत नाही, म्हणजे पद्धत अगदीच टाकाऊ नाही, एवढं देवव्रतने मनात कबूल केलं. त्याहून जास्त कबूल करायची त्याची तयारी नव्हती.

आधी अक्कांनी आपली वडी ठेवली. करड्या रंगाची, खरखरीत, अंगावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं. कडाप्पाच्या फरशीचा तुकडा पडला असावा तशी.

“...अडतीस, एकोणचाळीस, चाळीस,” मालन म्हणाली. थेंबाचं पाणी झालं.

मग देवव्रतची वडी. चाळीस झाले. पन्नास झाले. साठ झाले तरी थेंब आपला जागच्या जागी बसून होता.

“...अडुसष्ट, एकोणसत्तर, सत्तर.”

“पुन्हा करा,” देवव्रत म्हणाला.

पुन्हा केलं. सत्तर.

त्याने व्हर्नियर काढून दोन्ही वड्यांची जाडी मोजली. केसाचाही फरक नव्हता. झाकण पुसून पाहिलं, वड्यांच्या जागा बदलून पाहिल्या. आता दोष द्यायला मालनच उरली होती, पण तेवढं धाडस त्याला झालं नाही.

“तुम्ही यात काय घालता?” त्याने विचारलं.

“वाळू.”

“कसली?”

“वाळूच. दळल्याली. जाड, मधली आन् बारीक. तीन चाळण्यांची.”

देवव्रतने वहीत लिहून घेतलं आणि त्याला आणखीच वाईट वाटलं. त्याची पूड उष्णता वाहून नेण्यात वाळूच्या कितीतरी पट सरस होती. तिचे कण इतके बारीक की शेकड्यांनी ओळीत मांडावे तेव्हा कुठे एका केसाची जाडी भरते. कण नव्हेतच ते, पापुद्रे. ते मोजायला दिल्लीहून यंत्र आलं होतं. आणि ही बाई चाळण्या सांगत होती.

“आणखी काहीतरी घालत असणारच तुम्ही.”

“घालत न्हाई.” अक्कांनी आपली वडी उचलली. “काढते.”

“हवा? ती मीही काढतो. चांगली तासभर, व्हॅक्यूममध्ये.”

...

 अक्कांनी पातेलं उतरवलं, त्यातल्याच पाण्यात चहा टाकला आणि पहिला कप देवव्रतला दिला.

संध्याकाळी लॉजवर त्याने सगळी गणितं पुन्हा तपासली. पूड किती, रेझिन, म्हणजे ते चिकट इपॉक्सी, किती, पापुद्रे कसे पसरले, एकमेकांना कुठे टेकले. सगळं बरोबर होतं. पूड वाढवावी म्हटलं तर तेही करून झालं होतं, चाळीस टक्क्यांच्या पुढे मिश्रण कणकेसारखं व्हायचं आणि ओतलंच जायचं नाही. वहीच्या प्रत्येक पानावर उत्तर एकच येत होतं, की या वडीतून उष्णता जायला पाहिजे. वडीला तेवढं कोणी सांगितलं नव्हतं.

बुधवारी सकाळी तो शेडमध्ये आला तेव्हा बायका घासायला बसल्या होत्या. मधे पाण्याची घमेली आणि प्रत्येकीच्या हातात पॉलिश पेपरचा तुकडा. साच्यातून काढलेला प्रत्येक ठोकळा पाण्यात बुडवायचा आणि घासायचा, असं काम चाललं होतं. त्या शेडचा रिवाजच होता की नवं माणूस आलं की पहिले काही दिवस त्याने घासायला बसायचं. आपल्या वेळी मालनही बसली होती, त्याआधी अक्काही कुणाच्या तरी हाताखाली बसल्या होत्या.

“ये, बस,” अक्का म्हणाल्या आणि एक पाट पुढे सरकवला.

“अक्का, माझ्याकडे आजचाच दिवस आहे. उद्या मला परत जायचंय.”

“म्हनून तर म्हनते, बस.”

“हे फिनिशिंगचं काम आहे. माझा प्रश्न आतला आहे.”

अक्कांनी पाट होता तिथेच राहू दिला. देवव्रत स्टुलावर लॅपटॉप घेऊन बसला. बायकांच्या हातांचा खर्र खर्र आवाज चालू राहिला, आणि उंटावरचा शहाणा उंटावरूनच आकडे पाहत राहिला. दुपारपर्यंत त्याने चार आलेख काढले. चारही सुबक होते आणि एकाचाही उपयोग नव्हता.

जेवणं झाली. मालनने त्याला आपल्या डब्यातली अर्धी भाकरी आणि खर्डा दिला. खर्ड्याने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा बायका मनसोक्त हसल्या. मग अक्का हात धुऊन आल्या. त्यांच्या हातात देवव्रतची वडी होती.

“ह्यो चकचकाट कुठनं आनलास रं?”

 प्रश्न साधा होता आणि उत्तरही त्याला ठाऊक होतं, पण ते उत्तर त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

“पहिल्या वर्षी,” तो हळूच म्हणाला, “माझी पहिली वडी समितीपुढे ठेवली होती. तिला भोकं होती, इडलीसारखी, बारीक बारीक. एका परीक्षकांनी ती बोटांत धरली आणि विचारलं, चटणी कुठाय? ...सगळे हसले. माझे सरसुद्धा हसले.”

“मग?”

“मग तेव्हापासून मी साच्याला आतून आधी नुसत्या रेझिनचा हात देतो. वर, खाली, दोन्हीकडे. तो अर्धवट सुकला की मधे माझं मिश्रण. म्हणजे वरून एकही भोक दिसत नाही.”

“त्या हातात पूड?”

“नाही. पूड घातली की चमक जाते. तो फक्त वरचा हात आहे अक्का, दिसण्यापुरता. त्याचा याच्याशी काही...”

अक्कांनी पॉलिश पेपरचा तुकडा त्याच्यापुढे धरला.

...

“भोकं दिसतील,” देवव्रत म्हणाला.

“दिसू देत की.”

“शुक्रवारी हीच वडी न्यायचीय. दुसरी करायला वेळ नाही.”

अक्कांचा हात तसाच पुढे होता. एकाहत्तर वर्षांचा हात, पण जराही हलत नव्हता. बायका आपापले ठोकळे घासत होत्या आणि कुणी वर बघत नव्हतं. न बघण्याची त्यांनी बहुतेक सवयच करून घेतली होती.

देवव्रत पाटावर बसला. वडी पाण्यात बुडवली, डोळे बारीक केले आणि घासायला लागला. पहिल्याच हाताला चमक गेली. 

तो घासत राहिला. पाणी जवळजवळ स्वच्छच होतं. नखं कापल्यावर पडतात तसा पारदर्शक भुसा तेवढा तरंगत होता. पाच मिनिटं झाली, सात झाली. आणि मग एकदम घमेल्यातलं पाणी दुधासारखं पांढरं झालं.

त्याचा हात थांबला.

म्हणजे आत्तापर्यंत पूड लागलीच नव्हती. सात मिनिटं तो नुसतं रेझिन घासत होता, उष्णतेला जागचं हलू न देणारं रेझिन. मधे कितीही मोठा रस्ता बांधला तरी दोन्ही टोकांना त्याने स्वतःच्या हाताने भिंत घातली होती. किती जाड? त्याने मनातल्या मनात गुणाकार केला. तो नको तितका बरोबर आला. तीन वर्षं त्याने प्रत्येक कणाचा हिशेब मांडला, फक्त आपण बरं दिसावं म्हणून लावलेला तो हात त्यात धरायचा राहिला. देवव्रतला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घासलेल्या बाजूवर भोकं उघडी पडली होती. त्याने मोजली, सात.

“सातच?” मालन वाकून म्हणाली. “आमच्यात ह्याच्या दुप्पट असत्यात.”

कुणी हसलं नाही. चटणीही कुणी मागितली नाही.

शेगडी पुन्हा पेटली. पातेलं, झाकण, वडी, मेण. घासलेली बाजू खाली होती. मालनने मशीनला हात घातला.

“...पन्नास, एक्कावन्न, बावन्न.”

सत्तरावरून बावन्नवर! देवव्रत जवळजवळ ओरडलाच. मग त्याने वहीत भागाकार केला आणि चेहरा उतरला. समितीच्या आकड्याला बावन्न पुरत नव्हते. निदान पस्तिसाच्या आत यायला हवं होतं.

“अक्का,” तो म्हणाला, “अजून अडतेय. आता कुठे अडते?”

अक्कांनी चिमट्याने वडी उचलली आणि त्याच्यासमोर धरली. वरच्या बाजूत पत्रे दिसत होते, शेगडी दिसत होती, आणि त्याचं स्वतःचं तोंड.

“एकच बाजू घासलीस.”

ती बाजू त्याने मुद्दाम ठेवली होती. शुक्रवारी टेबलावर ठेवायला एक तरी तोंड बरं असावं, एवढाच त्याचा विचार. हे तो कुणाला बोलला नव्हता, पण अक्कांना बोलून दाखवायची गरज पडली नसावी.

त्याने वडी थंड होऊ दिली आणि पुन्हा पाटावर बसला. या खेपेला कुणी पॉलिश पेपर पुढे केला नाही, त्यानेच उचलला. पाणी आधी स्वच्छ राहिलं, मग पांढरं झालं. या बाजूला अकरा भोकं निघाली.

“...एकोणतीस, तीस, एकतीस,” मालन म्हणाली. “झालं! वितळलं की वो सर!”

एकतीस. देवव्रतने तोंडावर हात दाबून धरला. त्याचे डोळे भरून आले, आणि यावेळी खर्डा जवळपास कुठे नव्हता. तो उठला आणि वाकून अक्कांच्या पायांना हात लावला. आल्या दिवशी त्याने लांबूनच नमस्कार केला होता, हे त्याला आठवलं आणि लाजही वाटली.

“असू दे, असू दे,” अक्का म्हणाल्या. “चहा घे.”

मग वही उघडली. तीन चाळण्यांचं प्रमाण काय? आधी जाड घालायची की बारीक? किती वेळ ढवळायचं, कुठल्या बाजूने? अक्कांनी सगळं सांगितलं, हातचं काही राखलं नाही. पस्तीस वर्षांत काय काय फसलं तेही सांगितलं. मालनने स्वतःची एक युक्ती सांगितली. रेझिनचा डबा आधी कोमट पाण्यात बसवायचा, म्हणजे ते पातळ होतं आणि बुडबुडे आपोआप वर येतात. व्हॅक्यूमचं यंत्र नसलेल्या माणसाची ती युक्ती होती, आणि यंत्रापेक्षा बरी होती. देवव्रतने तिच्याखाली दोन रेघा मारल्या. चार पानं भरली.

ऊन उतरायला लागलं. त्याने लॅपटॉप बंद केला, व्हर्नियर खोक्यात घातला. मनात शुक्रवारची सगळी वाक्यं ओळीने उभी राहिली होती.

“सर,” मालनने मशीनवरूनच विचारलं, “आता तरी सांगा की. काय हाय ती पूड? न्हाई म्हंजे... आमच्या वाळूत चिमूटभर घालून बघितली असती.”

देवव्रतचा हात वहीवर गेला. वही मिटली.

“मालनताई, ते... मी म्हटलं ना, पेटंटचं चाललंय. एकदा ते झालं की सांगतोच.”

“बरं,” मालन म्हणाली.

मशीन मात्र लगेच फिरलं नाही.

वडी झाकणावरच राहिली होती. अक्कांनी ती उचलली, पदराने पुसली आणि त्याच्याकडे आणली. आता तिच्यात काहीच दिसत नव्हतं. पत्रे नाहीत, शेगडी नाही, कुणाचं तोंड नाही.

“पोरा...”

“काय अक्का?”

“एकच बाजू घासलीस की रं.”

देवव्रत दचकला. त्याने वडी हातात घेतली, उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली, दोन्हीकडून अंगठा फिरवला.

“नाही हो अक्का, दोन्ही घासल्यात. हे बघा ना.”

अक्कांनी वडीकडे पाहिलंच नाही. त्या त्याच्या मिटलेल्या वहीकडे बघत होत्या.

...

“एकच,” त्या म्हणाल्या.